शेठ बार विकतोय आणि तुम्हा दोघांनाही तो हवाय? भांडायच्या आधी हे करा

नाशिकमधलं सिडको, सातपूर, जेलरोड, नाशिकरोड, कुठल्याही भागातला गल्लीतला जुना परमिट रूम घ्या. शेठने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सुरू केलेला असतो, पोरं शिकून पुण्याला नाहीतर परदेशात गेलेली असतात, त्यांना या धंद्यात यायचं नसतं, आणि मग एक दिवस शेठ गल्ला मोजता मोजता सहज बोलून जातो की आता माझ्याच्याने होत नाही रे, तुमच्यातलं कोणी घेणार असेल तर सांगा. झालं. कॅप्टन म्हणतो मी इतकी वर्षं फ्लोअर सांभाळला, गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून येतं. काउंटरवाला म्हणतो माल, रजिस्टर, एक्साइजचं सगळं मी बघतो, शेठ आजारी होता तेव्हा बार मीच चालवला. दोघंही खरंच बोलत असतात. पण महिनाभरात दोघांचं बोलणं बंद, वेटर पोरांचे दोन गट, शेठच्या कानात रोज नवी तक्रार, आणि शेवटी शेठ वैतागून तिसऱ्यालाच देऊन टाकतो, ज्याने कधी पेग मोजला नाही पण ज्याच्याकडे जमीन विकलेले पैसे आहेत अशा माणसाला. तो स्वतःची माणसं आणतो आणि हे दोघं बाहेर.

परमिट रूमचे हिशेब आणि लायसनचे कागद बघणं हे माझं काम आहे आणि हे असं होताना बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या बारवर सगळ्यात जास्त हक्क सांगावा अशी तीच दोन माणसं असतात. म्हणून जे सांगतोय ते त्या दोघांसाठी. तुम्ही कॅप्टन असा, काउंटरवाले असा, किचनचे वस्ताद असा, वाचा आणि जमलं तर समोरच्यालाही पाठवा. हो, त्यालाच.

आधी विकत नेमकं काय मिळतंय ते बघा

बार घ्यायचा म्हणजे एक वस्तू घ्यायची असं नाही. जागा वेगळी, लायसन वेगळं, आतला माल वेगळा, फर्निचर-फ्रीज-किचन वेगळं, नाव आणि गिऱ्हाईक वेगळं, आणि उधारीची वही वेगळी. शेठ म्हणतो "इतके लाख" आणि आपण त्या आकड्यावर भांडायला लागतो, पण त्यात यातलं काय काय धरलंय हे कोणीच विचारत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं लायसन. आपला परमिट रूम चालतो तो एफएल-३ लायसनवर, महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतं, कामकाज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, म्हणजे आपण ज्याला एक्साइज म्हणतो तिकडे. मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च, दरवर्षी फी भरून रिन्यू करायचं. आणि हे लायसन ज्या माणसाच्या नावावर आहे त्याचं आणि ज्या जागेचा नकाशा मंजूर आहे त्या जागेचं असतं, ते गाडीसारखं परस्पर विकता येत नाही. नाव बदलायचं, भागीदार घ्यायचा, भागीदार काढायचा, सगळ्याला आधी परवानगी आणि त्याची वेगळी फी.

आता इथेच लोक फसतात. शेठ म्हणतो लायसन राहू दे माझ्या नावावर, तुम्ही पैसे द्या आणि चालवा, आपण स्टॅम्पवर लिहून घेऊ. असं लिहून घेतलेला कागद घेऊन दोन दोन वर्षं चालवणारे लोक आहेत. पण परवान्याच्या अटी मोडून केलेली भागीदारी कोर्टात टिकत नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत हे झालेलं आहे. म्हणजे उद्या शेठ गेला आणि त्याचा मुलगा पुण्याहून येऊन म्हणाला की लायसन माझ्या बापाचं, तुम्ही नोकर, तर तुमच्या हातात सांगण्यासारखं काहीच उरत नाही. आणि वर एक्साइजची तपासणी झाली तर मालक कोण, चालवतंय कोण हा प्रश्न आहेच.

चालवायला घ्यायचंच असेल तर रीतसर घ्या. जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयात एफएल-३ कराराने चालवायला देण्यासाठी वार्षिक लायसन फीच्या १० टक्के जादा फी ठेवली आहे. म्हणजे सरळ रस्ता आहे, तो सोडून आड रस्त्याने जायचं कारण नाही. माझं स्पष्ट मत, लायसनवर नाव यायच्या आधी शेठला मोठी रक्कम द्यायची नाही, मग तो कितीही देवमाणूस असो.

आणि नोकरनाम्याबद्दल एक गैरसमज. काउंटरवाल्यांना वाटतं एक्साइजच्या कागदावर माझं नाव आहे म्हणजे माझा हक्क जास्त. नोकरनामा म्हणजे तुम्ही त्या लायसनवर नोकर म्हणून काम करू शकता एवढंच. मालकीशी त्याचा काही संबंध नाही, आणि मालक बदलला की तोही नव्याने करायला लागतो.

जागा शेठची स्वतःची असेल तर तो विकणार की भाड्याने देणार हे स्पष्ट विचारा. भाड्याची असेल तर घरमालकाला आत्ताच भेटा, सगळं ठरल्यावर नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर केलेलाच लागतो, आणि ११ महिन्यांच्या करारावर बार उभा करणं म्हणजे दरवर्षी घरमालकाच्या मर्जीवर, कारण जागा गेली की लायसनही अडचणीत. सिडकोतल्या जागेचा मंजूर वापर निवासी आहे की व्यावसायिक तेही कागदावर बघून घ्या.

मग दोघांनी एकत्र बसा, शेठला भेटायच्या आधी

हे सगळ्यात अवघड आणि सगळे हेच टाळतात. दोघंही वेगवेगळे जाऊन शेठला भेटतात, तो एकाला एक आकडा सांगतो दुसऱ्याला दुसरा, आणि भाव चढत जातो. तुम्ही दोघं एकमेकांवर बोली लावताय आणि दोघांचेही पैसे कमीच आहेत, हे लक्षात घ्या.

बसायची जागा बार नको. रात्री बंद झाल्यावर तर अजिबात नको, दिवसभराचा थकवा असतो, एक-दोन पेग पोटात असतात, तोंडातून काहीही जातं. सकाळी दहा-अकराला बसा, कुठेतरी मिसळ खायला जा, नाहीतर गंगापूर रोडला चहा घ्या. सुरुवात अशी करा, "दादा, शेठ विकायचं म्हणतायत ते तुमच्याही कानावर आलंय आणि माझ्याही. मला घ्यायची इच्छा आहे. तुम्हाला पण असेल. शेठकडे जायच्या आधी आपण दोघं मोकळं बोलू." बस एवढंच. मी किती वर्षं काढली, तू कधी आलास, हे पहिल्या भेटीत काढायचं नाही.

पहिल्या भेटीत तीनच गोष्टी बोला. तुम्हाला मालक व्हायचंय की फक्त नोकरी टिकवायची आहे, हे आधी खरं खरं सांगा. बऱ्याच वेळा एकाला मालकी नकोच असते, त्याला भीती असते की दुसरा मालक झाला तर मला काढेल. ती भीती असेल तर त्याच्यावर उपाय सोपा आहे, लेखी नोकरी, ठरलेला पगार, नफ्यातला थोडा हिस्सा. दुसरं, पैसे किती आणि कुठून. सोनं, गावची जमीन, पतसंस्था, सासरे, जे असेल ते. खरा आकडा सांगायला लाज वाटते पण सांगा. तिसरं, घरी माहीत आहे का. बायकोला न सांगता दागिने गहाण ठेवून बारमध्ये पैसे घातले तर ते भांडण बारमधल्या भांडणापेक्षा मोठं होतं, आणि तिला नंतर कळण्यापेक्षा आधी विचारणं तिचा हक्कच आहे.

हक्काच्या गोष्टीवर एक सांगतो. किती वर्षं काम केलं यावरून बारची मालकी कोणालाही मिळत नाही, कायद्याने नाही. पण वर्षांचे पैसे मिळतात. ५ वर्षांच्या वर नोकरी असेल आणि तो बार ग्रॅच्युइटीच्या नियमात बसत असेल तर शेवटच्या पगाराचे १५ दिवस गुणिले वर्षं, आणि दिवस काढताना महिना २६ चा धरायचा. मूळ पगार १८,००० आणि नोकरी १४ वर्षं असेल तर साधारण १ लाख ४५ हजार होतात. हे पैसे शेठकडून मागायचे आहेत, एकमेकांकडून नाही. दोघांनी मिळून मागितले तर विक्रीच्या भावातच वळते करून घेता येतात. भांडत बसलेल्या दोघांच्या डोक्यात हे येतच नाही आणि शेठ गुपचूप राहतो.

भाव कसा काढायचा

शेठ तुम्हाला गटारीच्या आठवड्याचा नाहीतर ३१ डिसेंबरचा गल्ला सांगेल. तो खरा असेलही. पण वर्षात श्रावण आहे, गणपती आहेत, नवरात्र आहे, ड्राय डे आहेत, निवडणुकीच्या आधीचे बंद दिवस आहेत. कॅप्टनला हे सगळ्यात चांगलं माहीत असतं, श्रावणात सोमवारी किती टेबलं रिकामी असतात ते. म्हणून अख्ख्या बारा महिन्यांचा हिशेब घ्या, आणि एप्रिल-मे मधली बिअरची विक्री बघून उड्या मारू नका.

गल्ल्याच्या वहीपेक्षा खरेदीची बिलं बघा. बारमध्ये माल घाऊकवाल्याकडून बिल आणि टीपीवरच (माल वाहतुकीचा पास) यायला हवा, त्यामुळे खरेदी कागदावर असते. ७५० च्या बाटलीत ३० एमएलचे २५ पेग, क्वार्टरमध्ये ६. किती बाटल्या आल्या, किती शिल्लक, मेन्यूचा भाव काय, यावरून विक्री निघते. इथे काउंटरवाल्याचं ज्ञान लागतं. म्हणजे बघा, खरा भाव काढायला दोघंही लागतात, एकट्याला जमत नाही, आणि बाहेरून आलेल्या पैसेवाल्याला तर अजिबात जमत नाही. तुमच्या दोघांची ताकद ही आहे.

जुने आकडे चालणार नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, मग २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, लायसन फी पण वाढली, १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवले होते ते याच कारणाने. वाइन शॉपचा भाव आणि बारचा भाव यातलं अंतर गिऱ्हाइकाला आता जास्त टोचतं. त्यामुळे शेठने २०२२ चा नफा दाखवला तर त्याला नमस्कार करा आणि मागच्या चार तिमाहीचे व्हॅट रिटर्न आणि आयटीआर मागा.

आता गणित. समजा सगळा खर्च, भाडं, पगार, लाइट बिल, लायसन फीचा महिन्याचा वाटा, व्हॅट, सगळं जाऊन शेठला महिन्याला ७० हजार उरतात. तुम्हाला वाटेल आपल्याला ७० मिळणार. नाही. शेठ स्वतः गल्ल्यावर बसतो, त्याच्या जागी कोणीतरी बसायला लागेल, त्या कामाचे २५ धरा. उरले ४५, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. शेठने ४० लाख मागितले तर ते वसूल व्हायला सात वर्षांच्या वर. आणि त्यातले ३० लाख तुम्ही वर्षाला १८ टक्क्यांनी उचलले तर पहिल्या वर्षाचं व्याजच ५ लाख ४० हजार, म्हणजे सगळा नफा व्याजात गेला आणि मुद्दल तसंच. हे गणित दोघांनी एकाच कागदावर एकत्र करा. अर्धी भांडणं इथेच मिटतात, कारण दोघांनाही कळतं की एकट्याने घेणं झेपणारं नाही.

सिंहस्थाचं नाव काढून भाव वाढवणारे पण भेटतील, २०२६ ते २०२८ चा कुंभ येतोय, गर्दी होणार वगैरे. येणारी माणसं रामकुंडावर स्नानाला येतात, त्या दिवसांत रस्ते बंद, बंदोबस्त, आणि दारू विक्रीवर बंदीचे आदेशही निघू शकतात. गल्लीतल्या बारने कुंभाच्या नावाने एक रुपया जास्त देऊ नये.

पैसे देताना बँकेतून द्या. २ लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि रोखीने दिलेल्याचा तुमच्याकडे पुरावा नसतो. खाजगी सावकाराकडे जाणार असाल तर त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का बघा, २०१४ चा कायदा आहे त्याला, आणि कोरे चेक सही करून द्यायचे नाहीत, कोणालाच.

अजून एक, जे फार लोकांना माहीत नाही. धंदा विकत घेतला की मागच्या मालकाच्या व्हॅटच्या थकबाकीला नवा मालकही जबाबदार धरला जातो. म्हणून थकबाकी नसल्याचे कागद, महावितरणचं बिल, महापालिकेची घरपट्टी, एक्साइजची एखादी केस चालू आहे का, हे सगळं आधी. आणि शेठच्या मुलामुलींची लेखी संमती घ्या, शेठ हयात असतानाच.

मग कोण घेणार?

माझं मत विचाराल तर दोघांनी भागीदारीत घ्या. कॅप्टनशिवाय गिऱ्हाईक तुटतं आणि काउंटरवाल्याशिवाय माल गळतो. पण भागीदारी भावनेवर करायची नाही. १९३२ चा भागीदारी कायदा असं सांगतो की करारात काही लिहिलं नसेल तर नफा-तोटा समान, आणि भागीदाराला कामाचा पगार नाही. म्हणजे एकाने ३० लाख घातले दुसऱ्याने १०, एक रोज बारा तास उभा राहतो आणि दुसरा संध्याकाळी दोन तास येतो, तरी काहीही लिहिलं नसेल तर नफा निम्मा-निम्मा. इथून पुढची भांडणं पहिल्या भांडणापेक्षा वाईट असतात, आता तर पैसेही अडकलेले असतात.

म्हणून पगार वेगळा आणि नफा वेगळा ठेवा. जो काम करेल त्याला कामाचा पगार महिन्याच्या महिन्याला, मग उरलेला नफा भांडवलाच्या प्रमाणात. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने आपल्या नफ्यातून दर वर्षी थोडा थोडा हिस्सा वाढवत न्यायचा, किती वर्षांत किती हे आत्ताच लिहायचं. दोघांना मान राहतो.

करारात आणखी काय असावं तर, गल्ल्याची चावी कोणाकडे, बँकेत ठरलेल्या रकमेच्या वर दोघांच्या सह्या, एका गिऱ्हाइकाला उधारी किती रुपयांपर्यंत, घरच्या लग्नाला बारमधून माल न्यायचा तर खरेदी भावाने की फुकट (हसू नका, यावरून बोलणं बंद झालेले भागीदार आहेत), भाऊ-मेव्हणा कामाला ठेवायचा का, आणि नवीन माणूस घेताना-काढताना दोघांची हो लागेल का. भागीदार वारला तर काय हे तर लिहाच, कारण लिहिलं नाही तर कायद्याने फर्मच संपते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर दुःख आणि बंद शटर दोन्ही येतं. भागीदारीत कर्जाची जबाबदारी अमर्याद असते हेही समजून घ्या, दुसऱ्याने फर्मच्या नावाने उचललेलं कर्ज तुमच्या फ्लॅटपर्यंत येऊ शकतं. आणि फर्म रजिस्टर करा, रजिस्टर नसलेल्या फर्मचा भागीदार करारावरून कोर्टात दावा लावू शकत नाही. वकिलाचे पैसे वाचवायची ही जागा नाही.

बाहेर पडायचा रस्ता पण लिहून ठेवा. मला आवडणारी पद्धत अशी, ज्याला वेगळं व्हायचंय त्याने भाव लावायचा, आणि त्या भावाने घ्यायचं की द्यायचं हे दुसऱ्याने ठरवायचं. त्यामुळे कोणी उगाच जास्तही लावत नाही आणि कमीही. फक्त ज्याच्याकडे रोकड कमी आहे त्याला पैसे उभे करायला सहा महिने तरी द्या, नाहीतर पैसेवाला भागीदार मुद्दाम वाईट वेळ बघून भाव लावेल.

दोघांचं एकत्र जमणारच नसेल, मनं इतकी फाटली असतील, तर एकाने घ्या आणि दुसऱ्याला मोकळं करा. पण रिकाम्या हाताने नाही. त्याची सगळी देणी, वर काही महिन्यांचा पगार, आणि तो गल्लीत दुसरीकडे नोकरीला लागला तर त्याच्यावर दात धरायचा नाही. "तू दुसऱ्या बारमध्ये काम करणार नाही" असं नोकराकडून लिहून घेतलेलं करार कायद्याच्या कलम २७ मुळे तसंही टिकत नाही. भागीदार बाहेर पडताना मात्र ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी तसं बंधन घालता येतं.

या काळात हे अजिबात करू नका

एक्साइजला निनावी तक्रार. हे होतं, राग डोक्यात गेला की होतं. दुसऱ्याच्या शिफ्टला स्टॉकमध्ये दोन बाटल्या कमी दाखवायच्या, नाहीतर परमिट (गिऱ्हाइकाचा दारू प्यायचा परवाना) न फाडता गिऱ्हाईक बसवलं म्हणून कळवायचं. एक दिवसाचं परमिट ५ रुपयांचं असतं, पण त्याच्यावरून होणारी केस लायसनवर बसते, दुसऱ्या माणसावर नाही. ज्या लायसनसाठी भांडताय त्याच्यावरच डाग, आणि नाव बदलायचा अर्ज गेला की तीच फाइल समोर उघडते. तसंच २५ च्या आतल्या पोराला व्हिस्की देऊन दुसऱ्याच्या नावावर खपवणं. यात त्या पोराचाही विचार करा जरा.

गिऱ्हाइकांना मध्ये ओढू नका. रोज संध्याकाळी कंपनीतून सुटून येणारी, दोन पेग घेऊन घरी जाणारी माणसं असतात, त्यांना "कोणाच्या बाजूने" असं विचारलं की ती पुढच्या बारला जातात. वेटर पोरांना पण नाही, त्यांच्या टिपा आणि पगार तुमच्या भांडणावर अवलंबून आहेत आणि बहुतेक गावाकडे पैसे पाठवणारी आहेत. वस्तादला गुपचूप फोडायचं नाही, चिकन चिली आणि सुक्क्याची चव त्याच्या हातात आहे आणि तो गेला तर दोघांचंही नुकसान. आणि शेजारपाजाऱ्यांसमोर रात्री रस्त्यावर आरडाओरड तर नाहीच, वस्तीने बार हटवायचा अर्ज करायला एवढंच कारण पुरतं.

वेळ कशी साधायची

दिवाळी झाली की बोलणी सुरू करा. डिसेंबरपर्यंत आकडे आणि कागद, जानेवारीत करार आणि अर्ज. ३१ मार्चला लायसनचं वर्ष संपतं, त्या फीची मोठी रक्कम कोण भरणार हे आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर शेठ म्हणतो तुम्ही भरा आणि तुम्ही म्हणता नाव अजून तुमचंच आहे. परवानगीला लागेल तेवढा वेळ लागतो, घाई करून आधी ताबा घेऊ नका.

ताब्याच्या दिवशी रात्री बंद झाल्यावर शेठ आणि तुम्ही दोघं मिळून ब्रँडप्रमाणे माल मोजा, उघड्या बाटल्या मापाने, आणि रजिस्टरवर तिघांच्या सह्या. मीटरचं रीडिंग फोटोसकट. फूड लायसन शेठचं चालणार नाही, नवीन काढायला आधीच टाका. गुमास्ता (दुकान नोंदणी), पॅन, व्हॅट नंबर, बँक खातं सगळं नव्या फर्मच्या नावाने. टेबलावरचे आणि काउंटरवरचे क्यूआर कोड त्याच रात्री काढून टाका, जुने राहिले तर दुसऱ्या दिवशीचे पैसे शेठच्या खात्यात जातात आणि मग ते मागत बसणं दोघांनाही लाजिरवाणं. उधारीच्या वहीची झेरॉक्स काढा, ताब्याच्या तारखेपर्यंतची उधारी शेठची, तो वसूल करेल नाहीतर तुम्ही करून त्याला द्याल आणि त्यातला ठरलेला वाटा ठेवाल, जे ठरेल ते त्याच झेरॉक्सवर खाली लिहून सही घ्या.